खाचरापर्यंत जाणारी ट्रॉली
(भोर व राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या बैठकीतील भाषण)



आज एक साधा हिशेब मांडतो. भाताला एकरी ४ टन शेणखत घालायचं ठरवलं आणि एका पाटीत २५ किलो मावलं, तर १६० खेपा होतात. खाचर उकिरड्यापासून ३०० मीटरवर असेल, तर डोक्यावर ओझं घेऊन चाललेलं अंतर ४८ किलोमीटर भरतं. म्हणजे जवळजवळ भोर ते पुणे. रिकामं परतणं वेगळं. हे ओझं बहुतेक घरी बाईच्या डोक्यावर असतं आणि त्याची मजुरी घरात कोणी मांडत नाही.

सपाटीवरच्या गावात मोठी ट्रॉली थेट बांधाला लागते. आपल्या हिरडस मावळात, वेळवंड खोऱ्यात, गुंजण मावळात ती वाडीच्या रस्त्यावरच थांबते. पुढे चढ, ओढा आणि अरुंद वाट. तिथे छोट्या ट्रॅक्टरमागे अर्धा टन नेणारी दोन चाकी ट्रॉली हवी. त्याच शेणखताच्या मग ८ खेपा होतील. जुन्या जीपची चाकं आणि हब, चॅनल, अँगल आणि पत्रा एवढ्यावर गावचा वेल्डिंगवाला ती बनवू शकतो. तो लोखंड चांगलं जोडेल. तोल कुठे धरायचा, हे मात्र आपण सांगायचं.

बैलगाडी हाकलेल्या माणसाला तोल शिकवावा लागत नाही. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झालं की जू बैलाच्या मानेवर दाबतं. ट्रॉलीचंही तेच. पेटी ६ फूट लांब, ४ फूट रुंद, दीड फूट उंच धरा. पुढे ३ फुटांची दांडी. आख पेटीच्या बरोबर मध्यावर न बसवता ८ इंच मागे बसवा. माल सारखा पसरला, तर वजनाचा दहावा भाग हुकावर येतो. चढावर वजन मागे सरकतं, तेव्हा हाच दहावा भाग ट्रॅक्टरची मागची चाकं जमिनीला धरून ठेवतो. पॉवर टिलर असेल तर चालक ट्रॉलीवरच पुढे बसतो, त्याचं वजनही हिशेबात घ्या. ट्रॅक्टरला दांडी नेहमी खालच्या हुकालाच अडकवा. वर अडकवली, तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं आणि चालक खाली सापडतो.

दुसरी गोष्ट उलटण्याची. चाकं पेटीच्या बाहेर ठेवा, दोन चाकांत ५ फूट अंतर राहू द्या, म्हणजे पेटी खाली बसते. शेणखत भरलं, वजनाचा मध्य जमिनीपासून अडीच फुटांवर राहिला, तर उभी ट्रॉली ४५ अंशांच्या आडव्या उतारावर उलटेल. तीच ट्रॉली भाताच्या भाऱ्यांनी उंच रचली आणि मध्य ५ फुटांवर गेला, तर २६ अंशांवरच उलटेल. चालत्या ट्रॉलीचं एक चाक खड्ड्यात गेलं, तर त्याच्याही आधी. भारे हलके असतात म्हणून धोका नाही, असं समजू नका.

तिसरी गोष्ट उताराची. पाच फुटांना एक फूट उतार असेल, तर अर्धा टन वजन सुमारे १०० किलोच्या जोराने मागून ढकलतं. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. न्यूट्रल कधीही नको. हुकाच्या पिनेला जोड म्हणून साखळी लावा. ओल्या खाचरात टायरची हवा थोडी कमी केली, की टायर पसरतो आणि कमी रुततो. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी ती परत भरा.

आता कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ट्रॉली हेही वाहनच आहे. सार्वजनिक रस्त्यावर न्यायची तर नोंदणी लागते. पंपाच्या इंजिनावर चालणारी उत्तरेतली ‘जुगाड’ गाडीही मोटार वाहनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. आपल्याला सूट नको. आपली मागणी एवढीच, की छोट्या ट्रॉलीचा एक सोपा नकाशा मंजूर करा आणि तपासणी तालुक्याच्या गावी येऊन करा. नियम पाळणं शेतकऱ्याच्या आवाक्यात आलं, की नियम पाळला जाईल.

आणि एक गोष्ट आपल्याच हातात आहे. ट्रॉलीत माल भरायचा, माणसं नाहीत. लग्नाचं वऱ्हाड नाही, लावणीच्या बायका नाहीत, शाळेची पोरं तर नाहीतच. डोक्यावरचं ओझं उतरवायला निघालो आहोत, त्यात जीव जायला नको.

ज्यांनी ट्रॉली बनवली आहे, त्यांनी पुढच्या बैठकीला तिची मापं आणि खर्च कागदावर लिहून आणावा. आणि ट्रॉली बनवायला देण्याआधी घरातल्या बाईला विचारा, कोणत्या खाचराची वाट सगळ्यात वाईट आहे. त्या वाटेची रुंदी मोजा आणि मगच लोखंड कापा.