यांत्रिक सुकाण्या

जहाज हांकणाऱ्या यांत्रिक सुकाण्यास डोळे नसतात. होकायंत्र त्यास दिशा सांगतें, जी.पी.एस. हें यंत्र उपग्रहांचे संदेश ऐकून स्थान सांगतें. हे निरोप तारेवाटें पोंचतात आणि त्यांवर विसंबून तो सुकाणूं वळवितो. पण निरोप्याच चुकला, तर?

१९९५ च्या जून महिन्यांत 'रॉयल मॅजेस्टी' हें प्रवासी जहाज १,५०९ माणसें घेऊन बर्म्युडाहून बोस्टनकडे निघालें. तासाभरांतच जी.पी.एस.च्या एरियलची तार निसटली. यंत्र बंद पडलें नाहीं. दिशा व वेग यांवरून अंदाजानें स्थान सांगत राहिलें. पडद्यावर तशी सूचना होती, पण बारीक अक्षरांत. स्थान विश्वसनीय नाहीं, अशी खूण यंत्र तारेवरूनही धाडीत होतें. ती वाचण्याची सोय यांत्रिक सुकाण्यांत नव्हती. वारा व प्रवाह मात्र जहाजास बाजूस लोटीत होते. पुढें अपेक्षित बोया दिसला नाहीं, तरी तो दिसल्याचें पहाऱ्यावरील अधिकाऱ्यानें कप्तानास कळविलें!

सुमारें ३४ तासांनीं, १० जूनच्या रात्रीं, जहाज नॅन्टकेट बेटाच्या पूर्वेस वाळूंत रुतलें. मार्ग सुमारें १७ मैल चुकला होता. सुदैवानें प्राणहानि झाली नाहीं.

तात्पर्य, तारा जोडल्या म्हणजे काम संपलें असें नव्हे. एका यंत्राचें बोलणें दुसऱ्यास पुरतें कळतें कीं नाहीं, हें बंदरांतच तपासावें. आणि समुद्रांत दीप, बोये व पाण्याची खोली यांशीं स्थान ताडून पाहावें. यंत्रानें हात मोकळे होतात. डोळे मिटावयाचे नसतात.