दाखवणे आणि देणे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संगणकाची भाषा शिकणाऱ्या मुलामुलींची एक तक्रार वारंवार कानी येते: “सर, पडद्यावर उत्तर बरोबर आले, तरी गुण शून्य!” पालकही चकित होतात, कारण ते उत्तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. पुष्कळदा घोटाळा दोनच शब्दांचा असतो, प्रिंट आणि रिटर्न. आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

फंक्शन म्हणजे नेमून दिलेले एक काम करणारा कारकून समजा. त्याला तीन विषयांचे गुण द्यायचे, त्याने बेरीज करायची. बेरीज झाल्यावर त्याने जागेवरूनच “दोनशे दहा!” असा पुकारा केला, तर ते झाले प्रिंट. तोच आकडा चिठ्ठीवर लिहून, ज्याने काम सांगितले त्याच्या हाती दिला, तर ते रिटर्न. तुम्ही म्हणाल, पुकारा केला तरी शेजारच्या टेबलावर ऐकू जाईलच की! कचेरीत जाईल. संगणकातला शेजारी मात्र ठार बहिरा असतो. त्याला फक्त चिठ्ठी कळते.

पायथॉन भाषेत हे करून पाहा. फंक्शनला 60, 70 आणि 80 हे गुण द्या आणि आत नुसते प्रिंट लिहा. पडद्यावर 210 उमटेल. आता त्या फंक्शनच्या उत्तराला 3 ने भागायला सांगा. 210 पुन्हा उमटेल, पण त्याच्याखाली चुकीचा संदेश येईल. रिटर्न लिहिले नसेल, तर पायथॉन ‘नन’ म्हणजे ‘काही नाही’ एवढेच परत देतो, आणि ‘काही नाही’ला तीनने कसे भागणार? प्रिंटच्या जागी रिटर्न असते, तर सरासरी 70.0 मिळाली असती.

मुलांना हा फरक कळत नाही यात त्यांचा सगळाच दोष नाही. पायथॉनमध्ये एकेक ओळ टाकून लगेच उत्तर पाहण्याची सोय आहे. तिथे रिटर्न केलेले उत्तरही आपोआप पडद्यावर येते, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. शब्द परत दिला, तर तो अवतरणचिन्हांत दिसतो. प्रिंट केला, तर चिन्हांविना. एवढीच काय ती खूण! मग तोच प्रोग्राम फाईलमधून चालवला की रिटर्नचे उत्तर पडद्यावर दिसत नाही आणि विद्यार्थी गोंधळतो. आणखी एक, रिटर्न झाले की फंक्शन तिथेच संपते. त्याच वाटेवरच्या खालच्या ओळी चालत नाहीत. प्रिंटनंतर काम पुढे चालू राहते.

सी भाषेतले प्रिंटएफ तर दोन्ही करते. पाच इंग्रजी अक्षरे छापली, की छापलेल्या अक्षरांची संख्या, म्हणजे 5, ते परत देते. ती चिठ्ठी सहसा कोणी उघडून पाहत नाही, हा भाग वेगळा.

आता परीक्षेचे. काही ठिकाणी उत्तरपत्रिका यंत्र तपासते. ते कधी छापलेले उत्तर पाहते, तर कधी फंक्शनने परत दिलेले. तेव्हा विद्यार्थ्यांनो, प्रश्नात ‘छापा’ म्हटले आहे की ‘परत द्या’, हे आधी वाचा.

आणि पालकांनो, मुलाने पडद्यावरचे उत्तर दाखवले की शाबासकी जरूर द्या. मग त्याला एवढेच सांगा, “आता या उत्तराची दुप्पट कर, पण हा आकडा हाताने पुन्हा लिहायचा नाही.”