तळ्यातलं पाणी आणि दप्तरातला ठराव
(जानेफळ, ता. मेहकर येथील बैठकीत केलेले भाषण)



माणुसकीच्या हक्काचं गाजलेलं भाषण म्हटलं की शिकलेली मंडळी अमेरिकेतल्या मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव घेतात. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनमध्ये सुमारे अडीच लाख माणसांपुढे ते बोलले. त्यांचं स्वप्न जगाच्या लक्षात राहिलं. मला मात्र त्यातला चेक आठवतो. देशाने काळ्या माणसाला समतेचा चेक लिहून दिला, तो खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला, आणि तोच वटवायला आम्ही आलोत, असं ते म्हणाले. व्यापाऱ्याचा चेक परत आलेला कुणी या मंडपात असेल, तर त्याला याचा अर्थ सांगायला नको.

असाच एक चेक वटवायला आपल्या महाराष्ट्रातली माणसं छत्तीस वर्षं आधी महाडला गेली होती.

हकीगत अशी. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पैशातल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला. पुढे काय झालं? काही नाही. ठराव दप्तरात, पाणी तळ्यात, आणि माणूस तहानलेला.

२० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेला जमलेली माणसं बाबासाहेब आंबेडकरांबरोबर रांगेने तळ्यावर गेली आणि पाणी प्याली. त्यानंतर ही माणसं वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठवून त्यांना लाठ्याकाठ्यांनी झोडपण्यात आलं. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. तळ्यात १०८ घागरी पंचगव्य ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला.

म्हणून डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. सुमारे दहा हजार माणसं जमली. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब जे बोलले, त्यातल्या तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली. या तळ्याचं पाणी प्यालो म्हणजे आम्ही अमर होणार नाही आणि न प्यालो म्हणून मरणारही नाही, असं त्यांनी सांगितलं. इतरांसारखी आम्हीही माणसं आहोत, एवढं ठरवायला तळ्यावर जायचं. म्हणजे मागणी घागरभर पाण्याची दिसली, तरी भांडण माणूस म्हणून मोजले जाण्याचं होतं.

दुसरी. त्यांनी त्या सभेची तुलना फ्रान्समधल्या १७८९ च्या सभेशी केली. तिथे राजाची जुनी घडी मोडून माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. कोकणातल्या एका गावची सभा, पण नजर अख्ख्या समाजाची घडी नव्याने बसवण्यावर. त्याच परिषदेत गंगाधरपंत सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला आणि मनुस्मृती जाळली गेली. सहस्रबुद्धे जातीने ब्राह्मण होते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट शिस्तीची. परिषदेआधीच कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला होता. लोक तुरुंगात जायलाही तयार होते. तरी विचार करून तळ्यावर जाणं पुढे ढकललं, मिरवणूक काढली आणि लढा कोर्टात नेला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. सव्वानऊ वर्षं लागली, पण निकाल पक्का लागला. पुढे राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये विहिरी, तळी, स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आला.

आणखी एक. मार्चच्या भाषणात बाबासाहेबांनी वतनाच्या तुकड्यावर जगणं सोडून जंगलजमिनी मागा, शेती करा, असंही सांगितलं होतं. वर्षभर गावाची कामं करायची आणि मोबदल्यात दारोदार भाकरी मागायची, अशी ती रीत. कष्टाचं मोल दुसऱ्याच्या मर्जीवर असलं की माणसाची मान खाली राहते. हे शेतकऱ्याइतकं कुणाला कळावं?

मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस. पाऊस पडला म्हणजे पीक आलं, असं होत नाही. वापसा आला की तिफण घेऊन उतरावं लागतं. ठराव म्हणजे पाऊस. महाडला माणसं वापशावर उतरली.

आता आपल्याकडे या. सरकारचे चेक परत येतात म्हणून आपण मोर्चे काढतो, ते बरोबरच आहे. पण गावाने आपल्याच माणसाला लिहून दिलेला चेक वटतो का? उन्हाळ्यात टँकर आला की शेवटची घागर कोणत्या वस्तीची असते? नळयोजनेची तोटी कुठपर्यंत आली आणि कुठे थांबली? हे विचारल्याने संघटना फुटेल, असं काहींना वाटतं. मला वाटतं, न विचारल्याने ती पोकळ होते. शेवटच्या घागरीचा माणूस आपल्या मोर्चात कशासाठी यावा?

म्हणून काम सांगतो. प्रत्येक गावच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेचं ठरावबुक काढून वाचावं. पाण्याचे किती ठराव झाले, किती अमलात आले, त्याची यादी करावी. जे दप्तरातच राहिले, त्यांच्यासाठी सगळ्या वस्त्यांच्या माणसांनी मिळून ग्रामपंचायतीत जावं. पुढच्या बैठकीला येताना ती यादी बरोबर आणा. भाषणं त्या दिवशी कमी करू, याद्या वाचू.