आजारपण आणि अंत्यविधी यांच्या मधले काही तास

परिषदेचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, महाराष्ट्रातून आणि गोव्यातून आलेले पॅलिएटिव्ह केअरमधील डॉक्टर, परिचारिका व स्वयंसेवक, स्मशानभूमी, कब्रस्तान आणि दफनभूमी यांची व्यवस्था सांभाळणारे बंधुभगिनी, शववाहिकांचे चालक, अंत्यविधीचे साहित्य पुरवणारे व्यावसायिक, तीर्थपुरोहित आणि नाशिककर मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे गोदाकाठी मनःपूर्वक स्वागत करतो. या परिषदेचे यजमानपद नाशिकने आग्रहाने मागून घेतले, आणि त्या आग्रहामागे आमचा अभिमान होता हे मी मोकळेपणाने सांगतो. दूरदूरचे लोक अस्थी घेऊन रामकुंडावर येतात. दहाव्या दिवसाचे विधी या घाटावर रोज चाललेले असतात. ज्याला पणजोबांचे नाव ठाऊक नाही, त्याला ते इथल्या तीर्थपुरोहितांच्या वह्यांत सापडते. वसईच्या विजयाची खूण म्हणून आणलेली नारोशंकराची घंटा याच काठावर आहे, आणि गोदेचा पूर किती मोठा हे आम्ही आजही दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले यावरून बोलतो. आमचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. आणि २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी जो सत्याग्रह सुरू झाला, त्याने या शहराला, नव्हे साऱ्या देशाला, बाहेर ठेवलेल्या माणसांकडे पाहायला भाग पाडले. मृतदेहाशी निगडित कामे करणाऱ्यांनाही समाजाने असेच बाहेर ठेवले. म्हणून आज स्मशानभूमीतील कर्मचारी डॉक्टरांच्या शेजारी व्यासपीठावर बसले आहेत, ही आमच्या दृष्टीने या परिषदेची पहिली मिळकत आहे.

नाशिकबद्दल बोलताना मला एका बाईंबद्दल थोडे अधिक बोलू द्यावे, कारण त्यांचे नाव या शहरातही फारसे कुणाला ठाऊक नाही. पांडवलेणी आपण पाहालच. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमाचे वर्णन कोरून घेतले आहे. ते शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना माहीत असते. दहावे लेणे नहपानाचा जावई उषवदात याचे. त्याने ३००० कार्षापणे विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली, २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा, अशी ती व्यवस्था होती. याच लेण्यात आभीर राजा ईश्वरसेन याच्या कारकिर्दीच्या नवव्या वर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला, आणखी एक लेख आहे. तो विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा आहे. शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची पत्नी, गणपक विश्ववर्म्याची आई, एवढाच तिचा परिचय त्यात मिळतो. पण तिने केलेले काम फार मोठे आहे. त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांना औषध मिळावे म्हणून तिने अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवली. ती ठेव तिने एकाच ठिकाणी ठेवली नाही. गोवर्धनातील वेगवेगळ्या धंद्यांच्या श्रेणींत ती वाटून दिली. त्यांत कुंभार होते, पाण्याची यंत्रे करणारे होते, तेलाचे घाणे चालवणारे होते. यांतल्या कुणाचाच वैद्यकीशी संबंध नव्हता. तरीही आजाऱ्याच्या औषधाची जबाबदारी त्यांनी लेखी स्वीकारली आणि ती सर्वांना दिसेल अशी खडकावर कोरली गेली. आमच्या शहरात या बाईंच्या नावाचा एखादा चौक तरी असावा, असे मला मनापासून वाटते.

आजच्या विषयाशी याचा संबंध दूरचा आहे, पण तो आहे. आजाऱ्याची सेवा एकट्या वैद्याकडून होत नाही, गावातल्या इतर व्यवसायांनी आपला वाटा लिहून द्यावा लागतो. आपल्याकडे या सेवेची एक बाजू गेल्या चाळीस वर्षांत चांगली उभी राहिली. मुंबईत १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झाले, पुण्यात वारजे येथे १९९७ साली पॅलिएटिव्ह केअर केंद्र निघाले, आणि आमच्याच जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात २०१२ साली ग्रामीण भागातील पॅलिएटिव्ह सेवेचा प्रकल्प सुरू झाला. दुसऱ्या बाजूला महापालिकांची अमरधामे आहेत, शववाहिका आहेत, साहित्याची दुकाने आहेत, कब्रस्तानांच्या समित्या आहेत. एकाचे काम शेवटच्या श्वासाला संपते, दुसऱ्याचे फोन आल्यावर सुरू होते. मधले काही तास कुणाचेच नसतात, आणि कुटुंब सर्वांत जास्त गांगरलेले असते ते नेमके त्याच तासांत.

या तासांत घरात काय असते ते पाहा. नाकातली नळी आणि लघवीची पिशवी तशीच असते. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगाची जखम वाहत असते, आणि आंघोळ घालणाऱ्या बायकांना ती कशी झाकावी हे कुणी सांगितलेले नसते. कपाटात मॉर्फिनच्या उरलेल्या गोळ्या असतात, ज्या केंद्राने परत घ्यायला हव्यात. छातीत पेसमेकर असेल तर तो दहनापूर्वी काढावाच लागतो, नाहीतर त्याची बॅटरी दाहिनीत फुटते. हे डॉक्टरला ठाऊक असते, दाहिनीजवळच्या माणसाला नसते. नेत्रदान करायचे तर सहा तासांच्या आत हालचाल हवी. रक्ताचा कर्करोग वगळता कर्करोगाने गेलेल्या अनेकांचे डोळे देता येतात, हे घरच्यांना माहीत नसल्याने ती संधी जाते. आणि सगळे अडते ते कागदावर. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला विनाशुल्क द्यायचा असतो. पण मृत्यू रात्री दोन वाजता घरी झाला, तर तो दाखला कोण देणार हे आधी ठरलेले नसते. नातेवाईक दवाखान्यामागून दवाखाने हिंडतात आणि शववाहिका दारात उभी राहते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, यासाठी मोठी योजना नको, एक पान पुरेल. रुग्णाला घरी पाठवतानाच केंद्राने ते कुटुंबाच्या हाती द्यावे. दाखला कोण देईल, नळ्या कोण काढेल, पेसमेकर आहे की नाही, नेत्रदानाची इच्छा आहे का, कुटुंबाचा विधी कोणता, जवळची स्मशानभूमी किंवा दफनभूमी कोणती, शववाहिकेचा दर काय, हे सगळे त्यावर असावे. त्याची प्रत अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्याकडे जावी, ती मात्र मृत्यूनंतर आणि घरच्यांच्या संमतीने.

यावर पहिला आक्षेप येतो तो अभद्राचा. माणूस जिवंत असताना तिरडीची चौकशी कशी करायची? ही भावना खोटी नाही, आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण ज्या घरांत सवाष्णीने जायचे की मागे राहायचे याची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या उघड होत आली, ज्या घरांतल्या आज्या आपल्या शेवटच्या प्रवासाचे लुगडे स्वतः बाजूला काढून ठेवत, ती घरे या बोलण्याला परकी नाहीत. परके झाले आहेत ते आपण, रुग्णालयात मरण पाहायला शिकलेले लोक. विचारायचे कधी आणि कुणी, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अनुभवी परिचारिकेजवळ असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सेवाकेंद्र आणि अंत्यविधीचा व्यवसाय यांची ओळख वाढली की तिथे कमिशन येईल, असे अनेक डॉक्टरांनी पत्रातून कळवले. त्यांची भीती मी पूर्णपणे मान्य करतो. म्हणून या पानाबरोबर एक अटही हवी. कुठल्याही केंद्राने कुठल्याही व्यावसायिकाकडून एक रुपयाही घेऊ नये, एकाच दुकानाचे नाव सुचवू नये, आणि सर्वांचे दर छापून भिंतीवर लावावेत. आमच्या महापालिकेची मोफत अंत्यसंस्कार योजना आहे, तिची माहिती त्या यादीत सर्वांत वर असावी. व्यवहार उघड्यावर आला तर गैरप्रकार कमी होतील. आज तो अंधारात होतो, आणि घाबरलेले कुटुंब मागेल तो दर देते.

तिसरे म्हणणे असे की, आपल्याकडे भावकी आणि शेजार हे सगळे करतात, बाहेरच्यांची गरज काय? जिथे करतात तिथे त्यांना साष्टांग नमस्कार. पण गंगापूर रोडवरच्या सदनिकांत आज कितीतरी वृद्ध जोडपी एकटी आहेत, मुले पुण्याला किंवा परदेशात आहेत, आणि खांदा द्यायला चार माणसे जमवणे हेही काम होऊन बसले आहे. शिवाय शेजार तेराव्यापर्यंत येतो. त्यानंतर घर रिकामे होते, आणि महिनोन्‌महिने रात्री जागून सेवा केलेल्या बाईला झोप येत नाही ती तेव्हापासून. पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना शोकाची ही बाजू माहीत आहे. घाटावरच्या पुरोहितांना कुटुंब माहीत आहे, आणि अनेकदा घरातल्या खऱ्या अडचणी त्यांच्याच कानावर आधी पडतात. या दोघांनी एकमेकांचे फोन नंबर जरी घेतले, तरी या दोन दिवसांतून खूप मिळाले असे मी मानीन.

आता व्यवस्थेबद्दल. सिंहस्थाच्या तयारीची कामे चालू असल्याने रस्ते ठिकठिकाणी खणलेले आहेत, त्यामुळे अनेकांना पोहोचायला उशीर झाला. मी क्षमा मागतो. काही पाहुण्यांची सोय हॉटेलांऐवजी धर्मशाळेत करावी लागली. तिथे गरम पाणी सकाळी सहा ते आठ एवढ्याच वेळेत मिळेल. ज्येष्ठांना जिने चढणे अवघड असेल तर त्यांनी संकोच न करता निळी फीत लावलेल्या स्वयंसेवकांना सांगावे, तळमजल्यावरच्या चार खोल्या आम्ही राखून ठेवल्या आहेत. ध्वनिक्षेपकाची कुरकुर सकाळपासून जाणवते आहे, ती दुपारपर्यंत दुरुस्त होईल.

आभार मानताना कुणी राहून गेले तर तो दोष माझा. भोजनाचा संपूर्ण खर्च निफाड आणि दिंडोरी भागातल्या द्राक्ष बागायतदारांनी उचलला, तोही अवकाळीने बागा झोडपलेल्या वर्षात, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. तांबट आळीतल्या कारागिरांनी प्रत्येक प्रतिनिधीसाठी तांब्याचा तांब्या घडवून दिला. मेन रोडवरच्या कापड व्यापाऱ्यांनी पिशव्या दिल्या. अमरधामातल्या कर्मचाऱ्यांनी आपल्या एका दिवसाचा पगार वर्गणी म्हणून दिला. ती घेताना समितीतल्या सगळ्यांचाच हात थांबला, पण त्यांनी परत घेऊ दिली नाही. नर्सिंग महाविद्यालयांच्या विद्यार्थिनी गेले आठ दिवस नोंदणीचे काम करत आहेत. वाचनालयाने, तीर्थपुरोहितांनी, कब्रस्तानाच्या विश्वस्तांनी आणि ख्रिस्ती बांधवांनी समितीत बसून प्रत्येक निर्णयात सहभाग घेतला. या सर्वांचा मी ऋणी आहे.

दुपारचे भोजन एक वाजता मागच्या मंडपात आहे, मधुमेह असणाऱ्यांची पंगत वेगळी मांडली आहे. पांडवलेणी पाहू इच्छिणाऱ्यांसाठी उद्या सकाळी साडेसहाला प्रवेशद्वारापाशी बस उभी राहील. त्यांनी आज संध्याकाळपर्यंत नावे द्यावीत. आता मी अध्यक्षमहोदयांना विनंती करतो की त्यांनी परिषदेचे उद्घाटन करावे.