धुरापासून सरपण

चुलींत लांकूड जळून गेलें कीं मागें राख उरते आणि लांकडांतील कर्ब प्राणवायूशीं संयोग पावून हवेंत निघून जातो. या संयुगास कर्बाम्लवायु किंवा कार्बन डायॉक्साइड म्हणतात. सोडावॉटरची बाटली फोडतांना फसफसून वर येतो तो हाच. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत त्याचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या पुढें गेले आहेत आणि पृथ्वी तापत चालली आहे ती मुख्यतः त्यामुळें. तेव्हां या जळून गेलेल्या कर्बाचें पुन्हां सरपण करतां आलें तर?

झाडें हेंच काम सूर्यप्रकाशाच्या बळावर करीत आलीं आहेत. रसायनशास्त्रज्ञांनीं प्रकाशाच्या जागीं वीज घेतली. क्षारमिश्रित पाण्यांत हा वायु सोडावयाचा, धातूचे दोन पत्रे बुडवावयाचे आणि प्रवाह सुरू करावयाचा. ऋण पत्र्यावर वायूचें रूप पालटतें. धन पत्र्यावर पाण्यांतील प्राणवायु मोकळा होतो. कृति ऐकावयास सोपी, पण सारी मौज धातूच्या निवडींत आहे. कथील किंवा शिसें घेतलें तर फॉर्मिक आम्लाचा क्षार मिळतो. लाल मुंगीच्या दंशांत असतें तेंच हें आम्ल. सोनें वा रुपें घेतलें तर कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो श्वासाला घातक खरा, परंतु कारखान्यांत त्यापासून कितीतरी उपयुक्त पदार्थ होतात. आणि तांबें? जपानांतील चिबा विश्वविद्यालयांत योशिओ होरी व त्यांचे सहकारी यांनीं १९८५-८६ च्या सुमारास दाखविलें कीं, तांब्याच्या पत्र्यावर मिथेन व एथिलीन हे जळाऊ वायु तयार होतात. एथिलीनपासूनच प्लॅस्टिकच्या पिशव्या बनतात. सोन्यारुप्यास जें साधलें नाहीं तें घागरीच्या धातूनें साधावें, हें नवलच!

अडचणी मात्र थोड्याथोडक्या नाहींत. साध्या तपमानाला एक लिटर पाण्यांत हा वायु जेमतेम दीड ग्राम विरघळतो. म्हणून आतां तो सच्छिद्र पत्र्याच्या पाठीमागून पुरवितात. तांब्यावर एकच पदार्थ न निघतां अनेकांची खिचडी होते, आणि पुष्कळशी वीज पाण्यांतून हायड्रोजन काढण्यांतच खर्चीं पडते.

मंगळावर अशाच तऱ्हेचा एक प्रयोग झाला. तेथील हवा बहुतेक सारी कर्बाम्लवायूचीच. २०२१ च्या एप्रिलांत अमेरिकेच्या पर्सिव्हिअरन्स गाडीवरील मॉक्सी या यंत्रानें विजेच्या साहाय्यानें त्या हवेंतून प्रथम सुमारें ५ ग्राम प्राणवायु काढला. २०२३ पर्यंत १६ खेपांत १२२ ग्राम. तेथें ग्रामाग्रामाला मोल आहे, विजेचा हिशेब कोण विचारतो?

पृथ्वीवर तो विचारावाच लागतो. कर्ब जळतांना जितकी शक्ति देतो, निदान तितकी त्याला परत दिल्यावांचून तो पुन्हां जळाऊ होत नाहीं. व्यवहारांत पुष्कळ अधिक द्यावी लागते. २०२३ सालीं भारतांतील सुमारें तीन चतुर्थांश वीज कोळशावर झाली. अशा विजेनें हें सरपण करूं गेल्यास जितका वायु वापरावा त्याहून कितीतरी अधिक कोळशाच्या भट्टींतून बाहेर पडेल. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला! वीज सूर्याची वा वाऱ्याची असली तरी मोटार चालविण्यास ती सरळ वापरणेंच किफायतीचें. दूरचीं विमानें, जहाजें आणि रसायनांचे कारखाने यांची गोष्ट वेगळी. तेथें केवळ विजेवर भागत नाहीं.

आइसलंडांत याच विचारानें २०१२ च्या सुमारास जॉर्ज ओला या रसायनशास्त्रज्ञाचें नांव दिलेला कारखाना उभा राहिला. तेथें वाट थोडी आडवळणाची होती. विजेनें आधीं पाण्यापासून हायड्रोजन काढावयाचा, मग भूगर्भांतील वाफेबरोबर वर येणाऱ्या कर्बाम्लवायूशीं त्याचा संयोग घडवून मिथेनॉल हें द्रवरूप इंधन तयार करावयाचें. तें जळलें म्हणजे त्यांतील कर्ब हवेंत गेलाच. परंतु तो वाफेबरोबर तसाहि जाणारच होता, आणि तितकें पेट्रोल वांचलें.