धान्य होते, भाकरी नव्हती



सातारा, रत्नागिरी या बाजूच्या काही गावांत एक जुनी दगडी पाटी आढळते. या गावातून १९१४ च्या महायुद्धात इतके लोक गेले आणि त्यांतले इतके मेले, एवढेच तिच्यावर कोरलेले असते. आकडा कळतो. पण ती लढाई कसली होती, हे पाटीवरून कळत नाही.

त्या एका लढाईने चार मोठी साम्राज्ये कोसळली. रशियाचा झार गेला. ऑस्ट्रियाचा बादशहा गेला. जर्मनीचा कैसर गेला. तुर्कस्तानचा सुलतान गेला. चौघांची गोष्ट एका बैठकीत सांगून होणार नाही. आज आम्ही मुख्यतः रशियाची सांगणार आहोत. कारण त्या देशातले बहुतेक लोक तुमच्याआमच्यासारखे शेतकरी होते, आणि तिथल्या राजाची गादी हलली ती भाकरीपायी.

रशियाच्या राजाला झार म्हणत. १९१४ साली दुसरा निकोलस हा झार होता. त्याच्या घराण्याचे नाव रोमानोव्ह. १९१३ साली या घराण्याच्या राज्याला तीनशे वर्षे पुरी झाली. देशभर मोठा उत्सव झाला. मिरवणुका निघाल्या, चर्चच्या घंटा वाजल्या. त्यानंतर चार वर्षांनी झार नव्हता, त्याची गादीही नव्हती.

देश केवढा? सोळा कोटींहून अधिक माणसांचा. १८६१ सालापर्यंत तिथले कोट्यवधी शेतकरी जमीनदाराच्या मालकीचे होते. जमीन विकली की तिच्याबरोबर माणसेही विकली जात. १८६१ साली ती गुलामी सुटली, पण जमिनीचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडता फेडता दोन पिढ्या गेल्या. १८९७ च्या शिरगणतीत पाच माणसांत जेमतेम एकाला वाचता येत होते. मात्र धान्य मुबलक. दरवर्षी बोटी भरभरून धान्य परदेशी जाई.

आता लढाईकडे येऊ. पूर्वीची लढाई कशी असे? राजा फौज घेऊन निघे. एकदोन दिवस तुंबळ युद्ध होई. कोणी जिंके, कोणी हरे, मग तह होई. फौज शिवारातून गेली तर उभे पीक जाई, ते वेगळे. पण बाकी मुलखात नांगर चालू असे.

१९१४ ची लढाई तशी नव्हती. ती कारखान्यांची लढाई होती. तोफा दिवसरात्र चालत. माणसे खंदकात बसून राहत. ज्याचे कारखाने जास्त गोळे ओततील आणि ज्याची रेल्वे ते वेळेवर पोचवील, तो टिकणार. शौर्य कमी होते असे नाही. पण समोरून यंत्राची बंदूक चालत असेल तर नुसते शौर्य काय करणार?

झारच्या सेनापतींनी एका तोफेमागे सुमारे हजार गोळे साठवले होते. वाटले, एवढ्यात लढाई आटपेल. तो साठा थोड्याच महिन्यांत संपला. १९१४ च्या ऑगस्टअखेरीस टॅननबर्ग येथे जर्मनांनी रशियाची एक अख्खी सेना घेरली. नव्वद हजारांच्या आसपास शिपाई कैद झाले. सेनापती सॅमसोनोव्ह याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. १९१५ साली तर काही पलटणींत सर्वांना पुरतील एवढ्या बंदुकाही नव्हत्या. पुढचा पडला की त्याची बंदूक मागच्याने उचलायची! त्या वर्षी सारी फौज शेकडो मैल मागे हटली. मग झार स्वतः सरसेनापती झाला. प्रधानांनी नको नको म्हटले. आमच्या मते ही त्याची मोठी चूक. तोवर हार झाली तर दोष सेनापतीला लागे. आता तो थेट राजाला लागू लागला.

मग कारखाने जोराने कामाला लागले. १९१६ साली गोळ्यांची ओरड बरीचशी मिटली. तुम्ही म्हणाल, चला, गाडी रुळावर आली. पण खरी गोम इथेच आहे. गोळे बनवायचे तर लोखंड गोळ्यांना गेले. मग नांगराचा फाळ कोण करणार? खिळे, विळे, कोयते कोण करणार? कापडाच्या गिरण्या फौजेचे कपडे विणू लागल्या. गावच्या दुकानात कापड येईना, रॉकेल येईना. जे येई त्याची किंमत तिप्पट-चौपट.

आता त्या रशियन शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. लढाईवर सुमारे दीड कोटी माणसे नेली होती, त्यांत तुमचा एक मुलगा गेला. घोडा फौजेने नेला. तरी बायकांनी, म्हाताऱ्यांनी मिळून शेत पिकवले. घरात धान्य आले. सरकार म्हणते, ठरलेल्या भावाने आम्हांला घाला. तुमच्या हातात नोटा येतात. त्या नोटा तर सरकार भराभर छापत होते. लढाईच्या सुरुवातीला झारने दारूची दुकाने बंद केली होती, म्हणून तिकडेही पैसा जात नव्हता. (सरकारी उत्पन्नाचा सुमारे चौथा हिस्सा दारूचा. तोही बुडाला. आणि दारू काही बंद झाली नाही, लोक घरीच गाळू लागले.) घरात नोटा आहेत, पण त्या देऊन घ्यायचे काय? बाजारात वस्तूच नाही.

अशा वेळी तुम्ही धान्य विकाल का?

तिथल्या शेतकऱ्यानेही विकले नाही. काही कोठारात ठेवले, काही गुराढोरांना घातले. त्याने बंड केले नाही, घोषणा दिल्या नाहीत. पुढच्या वर्षासाठी घरात असू दे, एवढाच विचार केला. परदेशी जाणारे धान्यही आता देशातच राहत होते, कारण तुर्कस्तानने समुद्राची वाट अडवली होती. म्हणजे देशात दाणे होते. शहरात भाकरी नव्हती.

जे धान्य विकले गेले तेही शहरात वेळेवर पोचेना. रशियात अंतरे मोठी आणि रेल्वेमार्ग थोडे. पहिला मान लढाईच्या गाडीला. शिपाई, गोळे, आणि लाखो घोड्यांचा चारा. चाऱ्याला वजन कमी पण जागा फार लागते, हे बैलगाडी हाकणाऱ्याला सांगायला नको. त्यातून राजधानीचा कोळसा पूर्वी इंग्लंडहून समुद्रातून येत असे. तो समुद्र जर्मनांनी रोखला. आता कोळसाही दूर दक्षिणेहून रेल्वेनेच आणायचा. इंजिने झिजली, दुरुस्तीला माणसे नाहीत. १९१७ च्या आरंभी थंडी अशी पडली की इंजिनांचे बॉयलर गोठून फुटले. धान्याचे डबे वाटेत बर्फात अडकून पडले.

राजधानीचे नाव पेत्रोग्राड. तिथे भाकरी राय नावाच्या काळपट धान्याची. ती घ्यायला बायका पहाटेच्या आधीपासून दुकानासमोर रांग लावीत. अंगावर शाल, पायाखाली बर्फ. कित्येक बायका दिवसभर कारखान्यात राबून मग रांगेत उभ्या राहत. दुकान उघडे, आणि थोड्या वेळाने दार बंद होई. आज संपले! रांगेत गप्पा होत. कुणाचा नवरा मेला, कुणाच्या मुलाचे पत्र नाही, कोणत्या साहेबाच्या घरी पांढरा पाव खातात, सारे तिथे बोलले जाई. झारच्या पोलिसांना सभा मोडता येत होती. रांग कशी मोडणार?

पुष्कळ लोक ही गोष्ट रास्पुटिन नावाच्या एका साधूची म्हणून सांगतात. राणीचा त्याच्यावर विश्वास होता, त्याचे दरबारात वजन होते, १९१६ च्या डिसेंबरात सरदारांनी त्याचा खून केला. हे सारे खरे आहे. त्याने राजाची अब्रू गेली हेही खरे. पण साधू मेल्यावर भाकरी आली नाही.

१९१७ च्या मार्चची ८ तारीख. तो बायकांचा दिवस म्हणून कामकरी पाळत. (रशियाचे पंचांग तेव्हा तेरा दिवस मागे होते. त्यांच्या हिशेबी तो फेब्रुवारी, म्हणून पुस्तकांत ‘फेब्रुवारी क्रांती’ असे नाव सापडेल. गोंधळून जाऊ नका.) भाकरी आता मोजून मिळणार, अशी बातमी पसरली होती. आदल्याच दिवशी पुतिलोव्ह नावाच्या तोफांच्या मोठ्या कारखान्याने हजारो कामगारांना फाटकाबाहेर ठेवले होते. नेमकी त्या दिवशी हवा जरा उबदार झाली. कापडाच्या गिरण्यांतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. पुढाऱ्यांनी सांगितले होते, इतक्यात संप नको. बायकांनी ऐकले नाही. शेजारच्या लोखंडी कारखान्यांसमोर जाऊन त्यांनी पुरुषांना हाक दिली. ‘भाकरी! भाकरी!’ हीच आरोळी. तिसऱ्या दिवशी शहरातले बहुतेक सगळे कारखाने बंद होते.

झार शेकडो मैल दूर, फौजेच्या छावणीत. त्याने तार केली की उद्याच्या उद्या दंगा बंद करा. रविवारी, ११ मार्चला, शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या. माणसे पडली. झारला वाटले असेल, मिटले.

पण हे शिपाई कोण होते? तीनशे वर्षे ज्या फौजेवर गादी उभी होती, ती कसलेली फौज लढाईत खपली होती. राजधानीत दीड लाखाहून अधिक शिपाई होते, पण पुष्कळसे नुकतेच भरती केलेले. कालपर्यंत कोणी शेतात होता, कोणी गिरणीत. रस्त्यावरच्या बाईकडे पाहिले की आपली आई, आपली बहीण दिसे. रविवारी ज्यांना गोळी चालवायला लावली, त्यांतल्या वोलिन्स्की पलटणीचे शिपाई त्या रात्री बरॅकीत बोलत बसले. सकाळी त्यांनी बाहेर पडायला नकार दिला. त्यांचा अधिकारी मारला गेला. मग ते शेजारच्या पलटणीकडे गेले, ती दुसरीकडे गेली. संध्याकाळपर्यंत हजारो शिपाई बंदुकांसह लोकांत मिसळले. ज्या बंदुका धाक घालायच्या, त्याच फिरल्या.

१४ मार्चला कामगारांच्या आणि शिपायांच्या पंचायतीने एक हुकूम काढला. त्याला पहिला हुकूम म्हणतात. त्यातले एक कलम आम्हांला फार बोलके वाटते. यापुढे कोणत्याही अधिकाऱ्याने शिपायाला अरे-तुरे करायचे नाही! तोवर साहेब शिपायाला अरे-तुरे करी, आणि शिपायाने मात्र साहेबाला लांबलचक पदव्या लावून बोलायचे. त्या पदव्याही बंद झाल्या. नुसते ‘कर्नलसाहेब’ पुरे. लढाई, भाकरी, राज्य अशा मोठ्या गोष्टींबरोबर हे कलम आले. ज्याला जन्मभर अरे म्हणून हाक मारली गेली आहे, त्याला त्याचे मोल कळेल.

झार आगगाडीने राजधानीकडे निघाला होता. पुढचा मार्ग बंडवाल्यांच्या हाती होता, म्हणून गाडी वळवावी लागली. ती प्स्कोव्ह गावी येऊन थांबली. सेनापतींच्या तारा आल्या. सगळ्यांचा सल्ला एकच, गादी सोडा. १५ मार्चच्या रात्री आगगाडीच्या डब्यात बसून झारने कागदावर सही केली. गादी भावाला दिली. भावाने दुसऱ्याच दिवशी नको म्हटले. तीनशे चार वर्षांचे राज्य एका आठवड्यात संपले.

पुढचे थोडक्यात सांगतो. नव्या सरकारने लढाई चालूच ठेवली. शिपायांना लढायचे नव्हते, शेतकऱ्यांना जमीन हवी होती. लेनिनच्या पक्षाने शांतता, जमीन, भाकरी असे वचन दिले आणि ७ नोव्हेंबर १९१७ ला सत्ता घेतली. जुलै १९१८ मध्ये झारला त्याच्या बायकामुलांसकट गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्या चुका कितीही असोत, मुलांचा काय दोष होता? आम्हांला तरी तो उलगडत नाही.

बाकीच्या तिघांकडेही भाकरी आणि फौज हीच गाठ होती. जर्मनीत १९१६-१७ च्या थंडीत लोकांनी गुरांचे सलगम खाऊन दिवस काढले. १९१८ च्या नोव्हेंबरात कील बंदरातले खलाशी उठले आणि कैसर हॉलंडला पळाला. व्हिएन्नात १९१८ च्या जानेवारीत पिठाचा शिधा कमी केला आणि कारखाने बंद पडले. नोव्हेंबरात तिथलाही बादशहा बाजूला झाला. तुर्कस्तानचा सुलतान १९२२ पर्यंत टिकला. त्याच्याशी लढायला आपले लोक नेले होते. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी १९१५-१६ च्या थंडीत इराकमधल्या कूत गावी वेढ्यात सापडल्या. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपले, तेव्हा २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले. पाटीवरच्या आकड्यांत तेही असतील.

रशियात लेनिनच्या सरकारपुढेही पहिला प्रश्न तोच आला. शहरात भाकरी नाही, शेतकऱ्याला देण्यासाठी वस्तू नाही. देशात आपसांत लढाई पेटली होती. सरकारने हत्यारी तुकड्या गावोगाव पाठवून धान्य उचलले. शेतकऱ्याने मग पेराच कमी केला. घरापुरते पिकवायचे, जास्त कशाला? गावे उठली, खलाशी उठले. १९२१ च्या मार्चमध्ये लेनिनने ती रीत बंद केली. ठरावीक सारा घाला आणि उरलेले धान्य बाजारात विका, असा कायदा केला.

पण त्याच वर्षी व्होल्गा नदीच्या काठी पाऊस पडला नाही. कोठारे आधीच झाडून नेलेली होती. त्या दुष्काळात सुमारे पन्नास लाख माणसे मेली. त्यांतली बहुतेक धान्य पिकवणारी होती.