भिंतीवर जागा कोणाला?



आज मला केन लम यांच्याविषयी बोलायचं आहे. व्हँकूवरच्या चिनी वंशाच्या कुटुंबात १९५६ साली जन्मलेले हे कलावंत. विद्यापीठात विज्ञान शिकत असताना जेफ वॉल यांच्या कलेच्या तासाला बसले आणि वाटच बदलली. पुढे शारजाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाचे सहक्युरेटर, समकालीन चिनी कलेवरच्या नियतकालिकाचे संस्थापक संपादक, लेखक, शिक्षक. पण या साऱ्या कामात ते एकच गोष्ट विचारत आले: शहराच्या भिंतीवर जागा कोणाला?

१९९० मध्ये रॉटरडॅमच्या एका कलासंस्थेत त्यांचं प्रदर्शन होतं. त्यानिमित्त रस्त्यावरच्या भिंतीवर मोठा फलक लागला. फोटोत ऑफिसातल्या टेबलाशी बसलेली एक तरुणी कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. शेजारी ठळक अक्षरांत एवढंच, की मेली शमला आपल्या नोकरीचा तिटकारा आहे. प्रदर्शन संपलं, फलक उतरला, आणि लोकांनी तो परत मागितला! त्यांना मेली आपल्यातली वाटत होती. फलक पुन्हा चढला. २०२१ मध्ये तर त्या कलासंस्थेने सतराव्या शतकातल्या डच नौदल अधिकाऱ्याचं नाव सोडून मेलीचं नाव घेतलं. दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या बाईला मिळालेला असा मान मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

व्हँकूवर आर्ट गॅलरी ही जुन्या न्यायालयाची इमारत. तिच्या छपरावर लम यांनी चार नौका ठेवल्या: मूलनिवासींची लांब होडी, कॅप्टन व्हँकूवरचं जहाज, १९९९ मध्ये चिनी स्थलांतरितांना घेऊन आलेलं मालवाहू जहाज आणि आपल्या लोकांना घेऊन आलेली कोमागाता मारू ही बोट. १९१४ मध्ये तिच्यावरचे ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी, दोन महिने व्हँकूवरच्या बंदरात अडकून पडले. मोजके सोडता कोणालाही उतरू दिलं नाही. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये. लम यांनी ती बोट त्याच्या कितीतरी आधी शहराच्या माथ्यावर नेऊन ठेवली होती.

नंतर फिलाडेल्फियात पॉल फार्बर यांच्यासोबत त्यांनी 'मॉन्युमेंट लॅब' ही स्मारकांचा विचार करणारी संस्था उभी केली. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच विचारलं, या शहराला साजेसं स्मारक कोणतं?

मुलांनो, भिंतीवर जागा कोणाला, हे आता तुम्हीही विचारा. तुमच्या कॉलेजच्या भित्तिपत्रकाचा पुढचा अंक कँटीनमध्ये, ग्रंथालयात आणि फाटकावर काम करणाऱ्या माणसांवर काढा. आधी त्यांच्याशी बोला, त्यांना विचारून फोटो घ्या, खाली त्यांचं पूर्ण नाव लिहा. अंक लागला की मला कळवा, मी बघायला येईन.